एमएस्सीनंतर संशोधनात उतरताय? मग एवढं करून ठेवा

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्याआधी कुणी पीएचडी केली नव्हती. नांदेडला बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलं, गुण चांगले होते, तरी पुढचं दीड वर्ष नुसतं चाचपडण्यात गेलं. अभ्यास कमी पडला असं झालं नाही. गाईडला मेल कसा लिहायचा, कोणता दाखला कोणत्या नमुन्यात लागतो, प्रयोगवहीत काय टिपायचं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. सर-मॅडमसमोर तोंड उघडायची आपल्याला भीड वाटते. ‘भीड भिकेची बहीण’ असं माझी आजी म्हणायची. त्याचा अर्थ मला हैदराबादला गेल्यावर कळला. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा कमी गुणांची पोरं तिथं केवळ वेळेवर विचारलं म्हणून माझ्या दोन वर्षं पुढे होती.

आता दरवर्षी निकाल लागले की जिंतूर, किनवट, उदगीरकडून फोन येतात. प्रश्न तेच असतात. म्हणून सगळं एकदाच, ज्या क्रमाने करायला हवं त्या क्रमाने लिहिते आहे.

१. आधी नाव एक करा, मग कागद गोळा करा

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, आधारवर मागे, पदवीवर वडिलांचं नाव पूर्ण आणि बँकेत नुसतं एक अक्षर, असं आपल्याकडे घरोघरी असतं. फेलोशिप मिळाली की पैसे इथेच अडकतात. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव प्रमाण धरा आणि आधार, पॅन, बँक खातं त्याप्रमाणे करून घ्या. हे काम एमएस्सीच्या पहिल्या वर्षातच उरका.

मुलींना एक वेगळं सांगते. पहिल्या पेपरवर जे नाव छापाल तेच कायम ठेवा. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा तुमचा प्रश्न आहे. पण पेपरवरचं नाव बदललं तर जुने पेपर आणि नवे पेपर दोन वेगळ्या माणसांचे दिसतात. त्यासाठी ऑर्किड (ORCID) आयडी, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढा. हा सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो, पाच मिनिटांत निघतो आणि आयुष्यभर चालतो.

लागणारे कागद:

- दहावीपासून एमएस्सीच्या शेवटच्या सत्रापर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका. नापास झालेल्या सत्राचीही ठेवा
- पदवी प्रमाणपत्र; पदवीदान झालं नसेल तर प्रोव्हिजनल
- टीसी आणि मायग्रेशन
- जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, जे लागू असेल ते
- अधिवास प्रमाणपत्र
- आधार, पॅन, आधारशी जोडलेल्या खात्याचं पासबुक
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र

इथे सगळ्यात जास्त पोरं फसतात ती नॉन-क्रिमीलेअरवर. सेतूमधून जो दाखला सहज मिळतो तो राज्याच्या नमुन्यातला असतो. नेट, गेट या परीक्षा आणि केंद्राच्या संस्था यांना ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि तोही त्यांनी सांगितलेल्या तारखेनंतर काढलेला. ईडब्ल्यूएसचंही तसंच, तो दाखला त्या-त्या आर्थिक वर्षापुरताच धरतात. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे, केंद्राच्या परीक्षेच्या अर्जात तो रकानाच नसतो. तहसीलला जाताना जाहिरातीतला नमुना छापून सोबत न्या आणि ‘केंद्र सरकारसाठी पाहिजे’ असं स्पष्ट सांगा. माझ्या एका मैत्रिणीची मुलाखत चांगली झाली होती, पण कागद तपासताना दाखला राज्याचा निघाला. तिचं पूर्ण वर्ष गेलं.

२. एमएस्सीचा मधला उन्हाळा वाया घालवू नका

पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधले दोन महिने चांगल्या प्रयोगशाळेत काढता येतात, स्टायपेंड घेऊन. बंगळूरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिघी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), बंगळूरूचं जवाहरलाल नेहरू केंद्र, पुण्याची खगोलशास्त्राची आयुका यांचेही असेच कार्यक्रम आहेत. गोम अशी की उन्हाळ्याच्या फेलोशिपचे अर्ज हिवाळ्यात भरायचे असतात. अकादम्यांची मुदत साधारण नोव्हेंबरअखेर संपते. आपल्याकडे तेव्हा पहिल्या सत्राची परीक्षा चालू असते आणि पोरांना फेलोशिपची आठवण होते मार्चमध्ये. दिवाळीच्या सुट्टीत अर्ज भरून टाका. एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, म्हणून सुट्टी लागायच्या आधीच सरांना गाठा.

बाहेर जाणं जमत नसेल तर जवळच बघा. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, त्याच्या बदनापूरच्या केंद्रात तुरीवर मोठं काम झालं आहे. जालन्यात मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा (आयसीटी) मराठवाडा परिसर आहे. आणि हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी म्हटलं की आपली पोरं ‘ते खगोलवाल्यांचं’ म्हणून सोडून देतात. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत निर्वात, लेसर, आरसे स्थिर ठेवणारी यंत्रणा, माहितीचे डोंगर उपसणारे संगणक, असा तो पसारा आहे. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र यांतल्या कुणीही आतापासून त्या दिशेने तयारी करावी असं मला मनापासून वाटतं. हे आपल्या अंगणात होतंय.

३. परीक्षा

यावर माहिती भरपूर मिळते, म्हणून थोडक्यात सांगते. सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा असते, जून आणि डिसेंबर. २०२४ पासून निकाल तीन पायऱ्यांत लागतो: जेआरएफ (म्हणजे सरकारी संशोधन फेलोशिप) आणि पीएचडी, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी, फक्त पीएचडी प्रवेश. ‘फक्त पीएचडी’वाले गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात, तेव्हा निकाल लागला की लगेच हालचाल करा. गेटचे गुण तीन वर्षं चालतात. राज्याची सेट पास झालात तर प्राध्यापकीची पात्रता मिळते, फेलोशिप मिळत नाही. विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा, म्हणजे पेट, वेगळी; तिची जाहिरात कधी निघेल त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपसाठी आधी पीएचडीची नोंदणी झालेली लागते. नोंदणीपत्रावरची तारीख नीट जपा, सगळा हिशोब तिच्यावर चालतो.

४. गाईड शोधताना माणूस बघा

विषय आवडला की पोरं उडी मारतात. पाच वर्षं तुम्ही विषयासोबत काढता तितकीच त्या माणसासोबत काढता.

एक सोपी युक्ती सांगते. शोधगंगा या संकेतस्थळावर देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट बघायला मिळतात. तिथे गाईडचं नाव टाका आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा. नोंदणी कधी, सादर कधी, मध्ये किती वर्षं गेली, प्रकाशनांच्या यादीत विद्यार्थ्याचं नाव पहिलं आहे का, हे बहुतेक प्रबंधांत दिसतं. अर्ध्या तासात इतकं कळतं की दहा जणांना विचारूनही कळणार नाही.

मग सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला, शक्यतो प्रयोगशाळेच्या बाहेर, चहाच्या टपरीवर. त्यांना हे विचारा:

- सर किंवा मॅडम लिहिलेला मसुदा किती दिवसांत परत देतात?
- रसायनं संपली तर काय होतं?
- सुट्टी मागता येते का?
- गेल्या पाच वर्षांत कुणी अर्धवट सोडून गेलं का, आणि का?

शेवटच्या प्रश्नावर समोरचा गप्प झाला तर ते उत्तर समजा.

नियमही माहीत असू द्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. म्हणजे ‘जागा आहे का’ हा रास्त प्रश्न आहे, विचारायला लाजू नका. पीएचडीला किमान तीन वर्षं, कमाल सहा. मुलींना दोन वर्षांची जादा सवलत आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपण-बालसंगोपन रजा मिळू शकते. लग्नाच्या बोलण्यात ‘शिक्षण मध्येच राहील’ असं कुणी म्हणालं तर ही तरतूद घरच्यांना दाखवा. मी दाखवली होती.

पुणेच गाठलं पाहिजे असंही नाही. नांदेड, परभणी, लातूरकडच्यांना हैदराबाद जवळचं. नांदेड-परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलं की पोचलो. सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्र), आयआयसीटी (रसायन), एनजीआरआय (भूभौतिकी), इक्रिसॅट (कोरडवाहू पिकं) सगळं तिथं. भूशास्त्रवाल्यांनी तर एनजीआरआयचं काम जरूर बघावं. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांनी आपल्याच जमिनीखालचा बराच अभ्यास केला आहे.

५. पहिला मेल

माझे पहिले चाळीसेक मेल असे होते: ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड टू वर्क इन युवर एस्टीम्ड लॅब.’ तोच मजकूर, फक्त नाव बदललेलं. एकाचंही उत्तर आलं नाही. आज माझ्या गाईडच्या शेजारी बसून मी असे मेल येताना बघते. पहिली ओळ वाचतानाच गाईड पुढे सरकतात, कारण हा मेल आपल्यालाच लिहिलाय असं कुठेच दिसत नाही.

ज्या मेलवर मला उत्तर आलं तो इंग्रजीत होता. मराठीत त्याचा मजकूर असा होता (प्रोटिएज इनहिबिटर म्हणजे अळीची पचनाची विकरं, म्हणजे एन्झाइम, अडवणारं प्रथिन):

*विषय: तुरीतील प्रोटिएज इनहिबिटरवर पीएचडीसाठी विचारणा, नेट-जेआरएफ उत्तीर्ण*

*आदरणीय मॅडम, घाटेअळीच्या पचनविकरांवरचा तुमच्या गटाचा पेपर मी वाचला. अळी इनहिबिटर खाल्ल्यावर दुसरी विकरं तयार करते, असा निष्कर्ष त्यात आहे. वेगवेगळ्या वाणांतल्या इनहिबिटरचं मिश्रण दिलं तर काय होईल, असा प्रश्न मला पडला. एमएस्सीच्या प्रकल्पात मी बीडीएन ७११ या तुरीच्या वाणातून हे प्रथिन वेगळं केलं आहे. आयन एक्स्चेंज कॉलम आणि जेल मी स्वतः चालवते. जूनमध्ये माझी जेआरएफ झाली आहे. येत्या सत्रात तुमच्याकडे जागा असेल का? दोन पानांचा बायोडेटा जोडला आहे.*

एवढंच. त्यांच्या कामातली एक नेमकी गोष्ट, त्यावर माझा एक प्रश्न, हाताने काय येतं, पैशाची सोय काय आणि माझी विचारणा. आधी पेपर खरोखर वाचावा लागतो, म्हणून दिवसाला एकच मेल होतो. तेवढा पुरे. दहा-बारा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण पाठवा. मला उत्तर आलं ते आठवणीलाच.

बायोडेट्यात वडिलांचा व्यवसाय, धर्म, उंची, छंद नकोत. ‘तंत्रं’ या रकान्यात जे नुसतं बघितलंय ते लिहू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच येतो.

६. प्रयोगवही: इथे कंजूषपणा नको

वही शिवलेली, पानांना क्रमांक असलेली घ्या. सुटी पानं आणि पेन्सिल नको. चुकलं तर एक रेघ मारा, खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. त्याच दिवशी, तिथेच उभं राहून लिहा. संध्याकाळी खोलीवर जाऊन लिहिलेली वही म्हणजे आठवणींची वही.

वहीने माझं अख्खं वर्ष कसं वाचवलं ते सांगते. एमएस्सीच्या प्रकल्पात तुरीच्या दाण्यातलं प्रथिन कॉलमला चिकटवून वेगळं करायचं होतं. जानेवारीत ते छान चिकटायचं. एप्रिलच्या शेवटी तेच प्रथिन, तोच कॉलम, तीच बाटली, आणि प्रथिन सरळ खाली वाहून जायला लागलं. मी दाणे बदलले, कॉलम धुतला, रडले. एमएस्सीच्या प्रकल्पाच्या मॅडम म्हणाल्या, “वही आण.” मी समासात रोज खोलीचं तापमान आणि बाटलीवरची तारीख लिहायचे, मॅडमनीच ती सवय लावली होती. जानेवारीतल्या सकाळी २२ अंश, एप्रिलच्या दुपारी लाइट गेलेली असताना ३९ अंश. मॅडमनी समासावर बोट ठेवलं. बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारं द्रावण, ट्रिस या रसायनाचं होतं. ट्रिसचा सामू तापमान एक अंशाने वाढलं की साधारण ०.०३ ने उतरतो. सतरा अंशांत झाला अर्धा. मी जानेवारीत ८ ला लावलेलं बफर नांदेडच्या उन्हाळ्यात साडेसातला आलं होतं, आणि त्या सामूवर ते प्रथिन कॉलमला धरत नव्हतं. त्या गरमीत सामू पुन्हा लावला आणि दुसऱ्या दिवशी प्रथिन चिकटलं.

आपल्याकडच्या प्रयोगशाळेत एसी बंद असतो, लाइट जाते, डिस्टिल्ड वॉटर संपतं. म्हणून आपल्या वहीत जास्त लिहिलेलं असायला हवं. किमान एवढं असू द्या: तारीख, वेळ, खोलीचं तापमान, रसायनाची कंपनी आणि बॅच क्रमांक, बफर कधी केलं, वीज कधी गेली, आणि प्रयोग फसला तर तो कसा दिसला याचं वर्णन. यंत्रातून आलेल्या फाइलला तारखेचं नाव द्या आणि ते नाव वहीत लिहा. फाइल दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण प्रयोगशाळेच्या बाहेरचं.

७. वाचन

पेपर मिळत नाहीत ही सबब आता पूर्वीइतकी चालणार नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून केंद्र आणि राज्य सरकारच्या शिक्षणसंस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. ग्रंथपालांना जाऊन विचारा की आपली संस्था त्यात आहे का आणि लॉगिन कसं मिळतं. बऱ्याच ठिकाणी सोय असते, पण पोरांपर्यंत पोचलेली नसते.

८. काम तोंडाने सांगता आलं पाहिजे

माझ्या पहिल्या परिषदेत पोस्टरसमोर एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ उभे राहिले आणि म्हणाले, “सांगा.” मला इंग्रजीची भीती होती, पण अडले ते इंग्रजीमुळे नव्हे. सुरुवात कुठून करायची तेच ठरलेलं नव्हतं.

त्या सुट्टीत गावी गेले तेव्हा आबांनी शेतात विचारलं, “काय करायलीस गं तिथं नेमकं?” मी म्हटलं, “आबा, अळीच्या पोटात अन्न पचवायची विकरं असतात. तुरीच्या दाण्यातलं एक प्रथिन त्या विकराला कुलूप लावतं. मग अळी खाते, पण तिच्या अंगी लागत नाही.” आबा थोडं थांबून म्हणाले, “मग अळी दुसरी किल्ली करत असंल की.” पाच वर्षांचा माझा प्रबंध नेमका याच प्रश्नावर उभा आहे.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. आधी मराठीत, घरच्यांना कळेल असं चार वाक्यांत लिहायचं: प्रश्न काय, तो कुणाला का पडावा, मी काय केलं, काय दिसलं. मग तीच चार वाक्यं इंग्रजीत करून पाठ करायची. पुढचं पाठ करू नका, अडकायला होतं. पोस्टरवर मजकूर कमी, आकृती मोठी. सत्रात प्रश्न विचारायला धीर झाला नाही तर चहाच्या वेळी जा, नाव-गाव सांगा, एकच प्रश्न विचारा आणि त्याच आठवड्यात मेल करून आभार माना.

९. पेपर छापताना

‘तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह’ असा निरोप व्हॉट्सॲपवर आला की तिथेच थांबा. अशाच एका नियतकालिकाला मी २,५०० रुपये भरले आहेत. चांगलं काम तिथे गेलं आणि ते पुन्हा कुठेही देता आलं नाही. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तरी ‘केअर लिस्टेड’ अशा जाहिराती अजून फिरतात. नियतकालिकाचं नाव स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींच्या मूळ यादीत स्वतः शोधा, कुणी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. त्यातले पाच पेपर वाचा. संपादक मंडळातल्या एखाद्याचं पान त्याच्या संस्थेच्या संकेतस्थळावर उघडून बघा.

२०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती नाही, पण विद्यापीठ आपला नियम ठेवू शकतं. तेव्हा नोंदणीच्या वेळीच लेखी विचारून घ्या. आणि लेखकांच्या नावांचा क्रम प्रयोग सुरू व्हायच्या आधी बोलून ठेवा. नंतर बोलायला फार जड जातं.

१०. पैसा आणि शिफारसपत्र

जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनंतर ४२,०००, वर घरभाडं. कागदावर हे भरपूर वाटतं. पण पहिला हप्ता यायला कित्येक महिने लागू शकतात. घरी ही गोष्ट आधीच सांगा. चार-सहा महिने चालेल एवढी सोय करूनच निघा, नाहीतर डिपॉझिट आणि मेसच्या पैशांसाठी उसनवारी सुरू होते.

प्राध्यापकी सोडून दुसरी वाट धरायची असेल तर संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या औषध कंपन्या आणि जालन्याच्या बियाणे कंपन्या आहेत. त्यांना द्यायचा बायोडेटा वेगळा, एका पानाचा. तिथे पेपरची यादी खाली आणि एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), नोंदी ठेवायची शिस्त, सांख्यिकी हे वर.

शिफारसपत्र मागताना शिक्षकांना तीन आठवडे द्या. सोबत एक पान लिहून द्या: कुठे अर्ज, मुदत कधी, त्यांच्याकडे तुम्ही कोणता प्रकल्प केला, त्यात काय जमलं, काय फसलं. वर्गातल्या सत्तर जणांतलं आपलं काम त्यांना आठवत असेलच असं धरू नका. मुदतीच्या चार दिवस आधी एक नम्र आठवण करा. आणि निकाल लागला की, निवड होवो वा न होवो, त्याच संध्याकाळी त्यांना फोन करा. माझी पहिल्या वेळी निवड झाली नव्हती. तरी मी मॅडमना फोन केला, आणि पुढच्या जाहिरातीची लिंक मला त्यांनीच पाठवली.